मुखपृष्ठावरची 'ती' : अश्लीलतेचे खटले आणि न विचारलेला प्रश्न

दिवाळी अंकांचा इतिहास सांगताना आपण संपादकांची आणि लेखकांची नावे घेतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही नामावली सुरू होते आणि आजपर्यंत लांबत येते. या नामावलीत एक व्यक्ती मात्र कधीच आली नाही. अंकाच्या मुखपृष्ठावर जी वर्षानुवर्षे उभी राहिली, ती स्त्री. स्टॉलवरच्या गर्दीत ग्राहकाची नजर आधी तिच्याकडे जायची आणि मग अंकाच्या नावाकडे. तिच्यावरून वाद झाले, विनोद झाले. मराठी नियतकालिके अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयातही गेली. या सगळ्या गदारोळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : हे पाहून, वाचून वाचक बिघडेल का? जिचे चित्र आहे तिचे काय होते, हा दुसरा प्रश्न फार उशिरा आला. या लेखाचा विषय त्या उशिराचा आहे.

छापखान्यातून घरात आलेली सुंदरी

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या छापखान्याने स्त्रीचे रंगीत चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर आणले. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती अशी नावे वेगवेगळी असली तरी अंगलट, साडीचा चोप आणि चेहऱ्याची ठेवण एकाच घराण्यातली होती. देव्हाऱ्यातले चित्र आणि दिवाणखान्यातले चित्र यांत फार अंतर उरले नाही. मग कापड, साबण, औषधे विकणाऱ्यांनी तीच सुंदरी आपापल्या कॅलेंडरावर बसवली. विकायच्या वस्तूशी तिचा काही संबंध असण्याची गरज नव्हती. तिने नजर खेचून आणली की तिचे काम झाले.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचा बहर आला तो दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या काळात. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' सुरू केला. त्यांच्या रेषेची लय आणि रंगांचा तोल मराठी घरांनी मनापासून जपला. मुळगावकरांच्या चित्रांतली झळाळी कॅलेंडरांतून आणि कादंबऱ्यांच्या वेष्टनांवरून घरोघरी पोचली. या चित्रांना अश्लील म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळाच आहे. मुखपृष्ठावरच्या या स्त्रीला बहुधा नाव नसे. हातात पणती असो, कमरेवर घागर असो वा केसांत अनंताचे फूल, एका वर्षीची काढून दुसऱ्या वर्षीची तिथे ठेवली तरी काही बिघडत नसे. चित्रकार सहीवरून ओळखू येई. ती कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हतीच.

अमेरिकी तत्त्वचिंतक मार्था नुसबाम यांनी १९९५ साली माणसाची वस्तू कशी केली जाते याची सात लक्षणे मांडली. त्यांतले एक नेमके हेच : एकीच्या जागी दुसरी चालणे. साधन म्हणून वापर, मालकी, इच्छेची आणि मनाची दखल न घेणे ही आणखी काही. या सातांत नग्नता नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पूर्ण वस्त्रातली स्त्रीही वस्तू होऊ शकते, आणि नग्न देह प्रत्येक वेळी वस्तूच असतो असेही नाही.

'समाजस्वास्थ्य'चा पेच

हा भेद कसाला लागतो तो र. धों. कर्वे यांच्यापाशी. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ एवढा काळ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. संततिनियमन, स्त्रीचा कामसुखावरचा हक्क, विवाहसंस्थेची चिकित्सा, हे सारे त्या काळात मराठीत इतक्या सरळ भाषेत लिहिणारा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. १९३१ साली व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही दंड झालाच.

या मासिकाच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रीची चित्रे असत. देहाची लाज ही मनाची विकृती आहे, हे कर्व्यांचे म्हणणे त्यामागे होते. पण देहाची लाज जर स्त्री-पुरुष दोघांनाही सोडायची, तर मुखपृष्ठावर स्त्रीच का? आतल्या पानांत जी स्त्री इच्छा असलेली, नकार देऊ शकणारी माणूस म्हणून येते, ती मुखपृष्ठावर पाहण्यापुरती उरते. गंमत अशी की हे दोन गाजलेले खटले झाले ते लेखनावरून. स्त्रीला बोलू देणारा मजकूर समाजाला खुपला. कर्व्यांचे ऋण मान्य करूनही हा पेच नोंदवायला हवा.

खिडकीतून पाहणारा

पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने खिडकीचित्रे रूढ केली. वरच्या पानाला चौकोनी खिडकी कापलेली असे आणि तिच्यातून खालच्या चित्राचा तुकडा दिसे. भलतेच काही चालले आहे असे वाटून वाचक पान उलटी आणि तिथे अगदी निरुपद्रवी दृश्य निघे. एवढ्यासाठी घरातली वडीलधारी मंडळी अंक कपाटात ठेवत आणि मुले तो शोधून काढत.

या चित्रांवर स्त्रीदेहाचा बाजार मांडल्याचा आरोप करणे सोपे आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. गळाला लावलेले आमिष बहुतेक वेळा स्त्रीचा देहच होता. तरीही या युक्तीत एक प्रामाणिकपणा आहे. खिडकीचित्र पाहणाऱ्यालाच पकडते. त्याची नजर काय शोधत होती ते त्याच्याच हाताने उघड करते. लॉरा मल्वी यांनी १९७५ साली सिनेमाविषयी लिहिताना पुरुषी नजरेची जी चर्चा केली, तिचा एक विनोदी पुरावा आपल्या फराळाच्या ताटाशेजारी तेव्हाच पडलेला होता. मात्र हसायचे पाहणाऱ्याला, हे वाचकांना कितपत उमगले, याबद्दल शंका आहे.

'श्यामा' आणि कायदा

१९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता व श्यामा या तिघी, असा तिचा विषय. पुण्यात खटला झाला. खालच्या न्यायालयाने निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाची सुटका केली. समाजाच्या कल्पना बदलत आहेत, कामविषयाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, असा निकालाचा आशय होता. साहित्याच्या दृष्टीने तो मोलाचाच.

पण त्या काळच्या कसोटीकडे पाहा. इंग्लंडमधल्या १८६८ च्या हिक्लिन खटल्यातून आलेली ही कसोटी विचारते की मजकूर कच्च्या मनाच्या वाचकाला भ्रष्ट करील का. सगळी काळजी वाचकाची. आरोपीच्या पिंजऱ्यात लेखक आणि प्रकाशक, चिंतेचा विषय कोवळा वाचक. नीला, वनिता, श्यामा यांना कथेने माणूस म्हणून वागवले की नाही, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतच नव्हता.

तो आणला स्त्रियांच्या चळवळीने. १९७५ नंतर स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संघटना उभ्या राहिल्या, १९८३ साली 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आले, विद्या बाळ यांनी आधी 'स्त्री'तून आणि १९८९ पासून 'मिळून साऱ्याजणी'तून वाचकाला नव्या नजरेने पाहायला लावले. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा याच वातावरणातला. त्याच्या व्याख्येत 'स्त्रीला हीन लेखणारे' चित्रण आले, ही नवी गोष्ट. मात्र त्याच वाक्यात सार्वजनिक नीतीला बाधा हा जुना निकषही कायम राहिला. स्त्रीची प्रतिष्ठा आणि समाजाची सोवळेगिरी एकाच दोरीने बांधली गेली. त्यामुळे स्त्रीसाठी केलेला कायदा स्त्रीच्याच धीट अभिव्यक्तीवर उगारला जाण्याची वाट मोकळी राहिली.

हिक्लिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात बाजूला सारली. प्रकरण होते टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र छायाचित्राचे. ते वधूच्या वडिलांनीच टिपले होते आणि वर्णद्वेषाला विरोध म्हणून दोघांनी राजीखुशीने प्रसिद्धीला दिले होते. तिथे देह उघडा होता, पण ती स्त्री वस्तू नव्हती; तिला काही म्हणायचे होते.

याच्या उलट टोकाला आजची यंत्रनिर्मित चित्रे आहेत. कुणाही स्त्रीचा चेहरा दुसऱ्या देहावर बसवता येतो. तिची संमती नसते, बऱ्याचदा तिला पत्ताही नसतो. तो देह पूर्ण वस्त्रात असला तरी अपराध तेवढाच राहतो. वाचक बिघडेल का, ही कसोटी इथे कुचकामी ठरते. विचारावे लागते ते एवढेच : हिला विचारले होते का? एकीच्या जागी दुसरी चालते, या कॅलेंडराच्या काळापासून मुरलेल्या सवयीचे हे टोक आहे.

म्हणून जुनी मुखपृष्ठे जाळण्याचे कारण नाही आणि त्यांच्या आठवणीने उसासे टाकण्याचेही नाही. दलालांची रेषा सुंदरच आहे, कर्व्यांचे धैर्य दुर्मीळच आहे. आपल्याकडच्या नियतकालिकांचा इतिहास लिहिताना मुखपृष्ठांचे दस्तऐवज म्हणून वाचन व्हायला हवे. चित्र कुणी काढले याबरोबर कुणाचे काढले, कुणासाठी काढले आणि काय विकण्यासाठी काढले, याच्या नोंदी हव्यात. हातातला अंक मिटताना त्याच्या मुखपृष्ठापासूनही ही सुरुवात करता येईल.