चित्रफीत विश्लेषण (व्हॉलीबॉल)

व्हॉलीबॉलमधील चित्रफीत विश्लेषण म्हणजे प्रतिस्पर्धी संघाच्या पूर्वीच्या सामन्यांच्या चित्रफिती पद्धतशीरपणे पाहून त्याच्या खेळातील सवयी हेरण्याची आणि त्यानुसार आपल्या संघाची तयारी करण्याची पद्धत होय. मोठ्या संघांत या कामासाठी प्रशिक्षकाच्या जोडीला स्वतंत्र विश्लेषक असतो.

पार्श्वभूमी

व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक गुणाचा खेळ सर्व्हिसने सुरू होतो. प्रतिस्पर्ध्याकडून सर्व्हिस परत मिळवली की संघातील सहा खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. त्यामुळे संघाच्या सहा रचना ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. एकच रचना अनेकदा पाहता येत असल्याने या खेळात सवयींची नोंद करणे शक्य होते.

पद्धत

मागील सीमारेषेच्या पलीकडे, उंचावर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून केलेले चित्रण अभ्यासाला सोयीचे असते, कारण त्यात संपूर्ण मैदान एकाच वेळी दिसते. दूरचित्रवाणीवरील चित्रणात दृश्ये वारंवार बदलत असल्याने चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूंच्या हालचाली सुटून जातात. चित्रफितीचे तुकडे करून ते रचनेनुसार वेगळे लावले जातात. या कामासाठी इटलीत विकसित झालेली ‘डेटा व्हॉली’ ही संगणकप्रणाली जगभर वापरली जाते.

निरीक्षणाचे विषय

सेटर : सेटर मागच्या ओळीत असताना पुढच्या ओळीत तीन आक्रमक असतात, तो पुढे आला की दोनच उरतात. पहिला पास चांगला आला तर तो चेंडू कोणाला देतो आणि पास बिघडला तर कोणाकडे वळतो, हे वेगवेगळे नोंदवतात.

सर्व्हिस घेणारे खेळाडू : कोणाचा पास वारंवार बिघडतो आणि कोणत्या दोघांमधली जागा मोकळी राहते, यावरून सर्व्हिसचे लक्ष्य ठरते.

आक्रमक : तो तिरका फटका अधिक मारतो की बाजूच्या रेषेलगत, यावरून ब्लॉक कोठे उभारायचा आणि मागील खेळाडूंनी कोठे थांबायचे हे ठरते.

सामन्यातील वापर

विश्लेषण सामना सुरू झाल्यावरही थांबत नाही. जपानच्या महिला संघाचे माजी प्रशिक्षक मासायोशी मानाबे हे मैदानालगत हातात टॅबलेट घेऊन, चालू सामन्याची आकडेवारी पाहत सूचना देण्यासाठी प्रसिद्ध झाले. त्यांच्या संघाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८४ नंतरचे या संघाचे ते पहिले ऑलिंपिक पदक होते.

मर्यादा

एकाच सामन्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो, कारण विशिष्ट रचनेतील विशिष्ट प्रसंग त्यात मोजक्याच वेळा येतो. सेटर बदलल्यास जुन्या नोंदींचा उपयोग कमी होतो. शिवाय प्रतिस्पर्धीही असाच अभ्यास करत असल्याने तो आपली सवय जाणीवपूर्वक बदलू शकतो. फटका अडवणाऱ्या खेळाडूला विचार करायला क्षणभरही मिळत नाही. सूचनांची गर्दी झाली तर तो आठवत बसतो आणि चेंडू निघून जातो. म्हणून दीर्घ अभ्यासातून प्रत्येक खेळाडूपर्यंत दोन-तीनच नेमक्या सूचना पोहोचवणे, हे विश्लेषकाचे सर्वांत अवघड काम असते.

शालेय व महाविद्यालयीन संघांनाही ही पद्धत वापरता येते. त्यासाठी मोबाइलवरील चित्रण आणि सहा रचनांच्या आकृत्या काढलेली वही एवढे साहित्य पुरेसे असते.