फेफरे : लपवायचे की सांगायचे?

श्रोतेहो, आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी पाटसवरून रोटीच्या घाटाला लागते, तेव्हा रस्त्याला माणसांचा पूर येतो. समजा, अशा गर्दीत एखादा तरणाबांड माणूस एकदम ओरडून कोसळला. हातपाय झाडू लागला, दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. मग काय होते? एकजण पायातली वहाण काढून त्याच्या नाकाला लावतो. दुसरा म्हणतो, “कांदा फोडा, कांदा!” तिसरा दातांत घालायला चमचा शोधतो. आणि कडेला उभी असलेली एखादी म्हातारी हळूच पुटपुटते, “बाहेरचं काहीतरी असंल, बाबा.” दोन-तीन मिनिटांत झटके आपोआप थांबतात, आणि श्रेय मात्र वहाणेला मिळते!

यालाच आपण फेफरे म्हणतो. कोणी आकडी म्हणतात, कोणी मिरगी. ‘फिट’ हा शब्द तर आता घरोघरी झाला आहे. शास्त्राने हे दुखणे भुताच्या हातून केव्हाच सोडवले. आपण मात्र ते अजून पुरते सोडवलेले नाही. ही हकिकत आज थोडक्यात सांगणार आहे.

आपल्या चरकसंहितेत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. तेथे त्याचे नाव अपस्मार, म्हणजे स्मृती जाणे. वात, पित्त, कफ या दोषांवरून त्याचे प्रकार सांगितले आहेत आणि औषधेही दिली आहेत. तिकडे ग्रीस देशात, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथातही हा देवाचा कोप नसून मेंदूचा विकार आहे असे बजावले आहे. म्हणजे जुनी माणसे सगळीच अंधश्रद्ध होती, असे समजू नका.

मेंदूत नेमके काय होते? मेंदूतील पेशी अगदी बारीक विजेच्या लहरींनी एकमेकींशी बोलतात. गुरुजींच्या वर्गात मुले पाळीपाळीने बोलतात तोवर वर्ग नीट चालतो. सगळी एकदम ओरडली की वर्गाचा बाजार होतो. फेफऱ्यात मेंदूचे तसेच होते. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतील या लहरी कागदावर उतरवल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. भुताचा आलेख काही निघत नाही, फेफऱ्याचा निघतो.

औषधांचेही तसेच. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला. पण त्याने रोगी सुस्त होई. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना दिसले, की झोपेसाठी दिलेल्या फिनोबार्बिटोनने रोग्यांचे झटकेही कमी होतात. १९३८ साली अमेरिकेत फेनिटॉइनचा उपयोग कळला. पाहा, स्वस्तातली गुणकारी गोळी जगात येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली!

आपल्या देशात १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एडी भरुचा यांनी मज्जाविकारांच्या उपचाराचा पाया घातला. नुसती गोळी देऊन भागत नाही, समाजालाही शहाणे केले पाहिजे, हे ओळखून १९७० साली त्यांनी भारतीय अपस्मार संघटना उभी केली. १९७१ साली इंग्लंडमध्ये सी. टी. स्कॅन आले आणि कवटी न उघडता मेंदू दिसू लागला.

या स्कॅनने आपल्याकडे एक कोडे घातले. फिट आलेल्या पुष्कळ रोग्यांच्या मेंदूत एक लहानसा ठिपका दिसे. क्षयाची गाठ समजून औषधे दिली जात. १९८०नंतरच्या दशकात वेल्लोरच्या डॉक्टरांनी तपासून दाखवले, की यांतील बहुतेक ठिपके पट्टकृमीच्या अळीचे आहेत. हा जंत डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या पोटात जातो. त्याची अंडी मात्र विष्ठेतून माती, पाणी, भाजीपाला यांवर पसरतात. म्हणून माळकऱ्यालाही हा रोग होऊ शकतो! शौचालय वापरणे, साबणाने हात धुणे आणि भाजी धुऊन खाणे हे फिटवरचेही औषध आहे.

आता एक कटू गोष्ट सांगतो. १९७६ साली विवाहाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार फेफरे येणाऱ्या माणसाचे लग्न रद्द ठरवता येईल अशी तरतूद त्यात आली. शास्त्र पुढे गेले असताना कायदा मागे गेला. ते शब्द १९९९ साली काढून टाकले गेले. पण कायद्यातून शब्द गेला, तरी मनातून जायला वेळ लागतो. “पोरीला फिट येते हे कळलं तर लग्न कसं जमायचं?” या एका धास्तीने किती मुलींची औषधे धान्याच्या कणगीत लपली असतील! सासरी गेल्यावर गोळी लपून घ्यायची, मग चुकायची, मग बंद, आणि झटका नेमका चुलीपाशी किंवा विहिरीच्या काठावर. फेफरे असते तेवढेच असते. लपवण्याने त्याचा घात होतो.

साधारणपणे हजार माणसांत पाच जणांना हा विकार असतो. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात पन्नास घरे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट औषध मिळाले तर शंभरातील सत्तर रोगी झटक्यांविना जगू शकतात. राहिलेल्यांपैकी काहींना आता शस्त्रक्रियेचाही मार्ग आहे. अडचण आहे ती पोहोचण्याची. मेंदूचे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत असतात. म्हणून मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने सरकारी आरोग्य मोहिमेच्या साथीने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे भरवली. ई-संजीवनीतून दूरवरच्या डॉक्टरांचा सल्लाही मिळू लागला आहे. पाटसहून पुणे साठेक किलोमीटर. रेल्वे आहे, हमरस्ता आहे. त्याहून लांबचा पल्ला आहे तो माजघरापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंतचा.

गुरुजनहो, तुम्हांला खास विनंती. वर्गात एखादे मूल मध्येच काही क्षण शून्यात पाहते, हाक मारली तरी ऐकत नाही, आणि लगेच पूर्ववत होते, असे दिवसातून अनेकदा घडत असेल, तर छडी उचलू नका. तेही फेफरेच असू शकते. पालकांना बोलावून सांगा, आणि मुलाची शाळा मात्र सोडू देऊ नका.

आणि झटका आलाच तर? घड्याळ पाहा. आसपासचे दगड, शेगडी, विळा दूर करा. डोक्याखाली उपरणे ठेवा, त्याला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालू नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल, तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो वापरा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला, तर १०८ ला फोन करा.

गोळी रोजच्या रोज, ठरल्या वेळी. दोन महिने झटका आला नाही म्हणून आपल्या मनाने ती सोडू नका. बहुधा निदान दोन वर्षे झटक्यांविना गेल्यावर डॉक्टरच ती हळूहळू कमी करतात. मूल हवे असलेल्या बाईने आधीच डॉक्टरांना विचारावे, कारण काही औषधे गर्भाला बाधतात आणि ती बदलता येतात. अंगारा लावायचा तर लावा. पण गोळी घेऊन लावा.

मधुमेह आम्ही चारचौघांत सांगतो, चहा बिनसाखरेचा मागतो. फेफरेही तसेच सांगता आले पाहिजे. ज्या दिवशी पाटसच्या बाजारात एखादी आई मोठ्याने म्हणेल, “माझ्या लेकीला फिट येत होती, औषधानं थांबली,” त्या दिवशी ही शंभर वर्षांची गोळी आपल्या गावात खऱ्या अर्थाने पोहोचली असे म्हणू.