घारापुरीचा उजवा चेहरा आणि स्टेला क्रामरिश

दहावीत आपली सहल घारापुरीला गेली होती. लाँचमध्ये कोणाला उलट्या झाल्या, माकडांनी कोणाचा डबा पळवला, या गोष्टी स्नेहमेळाव्यात पुन्हा निघतीलच. मला मात्र दुसरंच आठवतं. मुख्य लेण्यातल्या तीन मुखांच्या भव्य मूर्तीसमोर गाइडने "ब्रह्मा, विष्णू, महेश" असं सांगितलं आणि आपण सगळ्यांनी ते वहीत उतरवलं. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, हा उजवीकडचा चेहरा बाईमाणसाचा का दिसतो?" इतिहासाच्या बाई थोडं थांबून म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही. पण तू नीट पाहिलंस. आता शोधून काढ."

ती मुलगी मी. उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली आणि ते शोधताना भेट झाली ती स्टेला क्रामरिश या विदुषीच्या पुस्तकांशी. बाईंचा तो गृहपाठ आज या स्मरणिकेतून सादर करते.

क्रामरिश यांचा जन्म १८९६ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या मोराव्हिया प्रांतातला. लहानपणी त्या बॅले नृत्य शिकल्या. कोवळ्या वयात भगवद्गीतेचा अनुवाद हाती आला आणि मन भारताकडे ओढलं गेलं. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी कलेतिहासाचा अभ्यास केला आणि भारतातल्या आरंभीच्या बौद्ध शिल्पांवर प्रबंध लिहून १९१९ साली डॉक्टरेट मिळवली. तोवर त्यांनी भारत पाहिलाही नव्हता! पुढे इंग्लंडमध्ये त्यांची व्याख्यानं रवींद्रनाथ टागोरांच्या कानावर आली आणि त्यांच्या निमंत्रणावरून त्या शांतिनिकेतनात शिकवायला आल्या. १९२२ च्या अखेरीस कलकत्त्यात जर्मनीच्या बाउहाउस चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यामागेही त्यांची खटपट होती. १९२४ पासून १९५० पर्यंत त्यांनी कलकत्ता विद्यापीठात भारतीय कला शिकवली.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. अनेक हातांच्या आपल्या मूर्ती युरोपातल्या कित्येक जाणकारांना विचित्र वाटत. ग्रीक पुतळ्यांच्या मापाने त्या मोजायच्या आणि कमी गुण द्यायचे, अशी रीत होती. गांधार शैलीचं कौतुक व्हायचं तेही तिच्यातल्या ग्रीक छटेमुळे. क्रामरिश यांनी हे माप बाजूला ठेवलं. मूर्ती घडवणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याच्याच ग्रंथांतून समजून घ्यायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी संस्कृतचा अभ्यास केला आणि विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेवरच्या भागाचा इंग्रजी अनुवाद केला. मूर्ती कळायला चित्र कळावं लागतं, चित्र कळायला नृत्य आणि नृत्य कळायला संगीत, असा विचार त्या पुराणात आहे. नृत्य शिकलेल्या अभ्यासिकेला तो किती जवळचा वाटला असेल! १९४६ साली 'द हिंदू टेम्पल' हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. पाया आखण्यापासून शिखरावरच्या कळसापर्यंत मंदिराच्या प्रत्येक अंगाचा अर्थ त्यात उलगडला आहे.

त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याच्या 'एन्शंट इंडिया' या पत्रिकेत त्यांनी घारापुरीच्या महादेवावर लेख लिहिला. बाई, आपलं उत्तर तिथे आहे. ती त्रिमूर्ती नव्हे. सुमारे साडेपाच मीटर उंचीची ती मूर्ती एकट्या शिवाची, सदाशिवाची आहे. मधला शांत चेहरा तत्पुरुषाचा. आपल्या डावीकडचा, मिशा असलेला उग्र चेहरा अघोराचा. त्याच्या हाती नाग आहे. आणि उजवीकडचा कोमल चेहरा वामदेवाचा, म्हणजे शिवातल्या उमेचा, हाती कमळ. उरलेली दोन मुखं कोरलेली नाहीत, ती मनाने पाहायची. असं म्हणणाऱ्या क्रामरिश एकट्या नव्हत्या. पण तीन चेहऱ्यांचं नातं त्यांनी ज्या बारकाईने दाखवलं, त्यामुळे पुन्हा लेण्यात गेले तेव्हा मला ते डोळ्यांनी दिसलं.

त्यांचं आयुष्य सोपं नव्हतं. १९५० साली पतीचा कराचीत मृत्यू झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेत नव्याने सुरुवात केली. फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात भारतीय विभाग त्यांनी सांभाळला. १९६८ मध्ये तिथे 'अननोन इंडिया' हे ग्रामीण आणि आदिवासी कलेचं प्रदर्शन भरवलं. बंगालच्या कांथा त्यांनी हौसेने जमवल्या होत्या. कांथा म्हणजे आपल्या गोधडीची बहीण, जुन्या साड्या-धोतरांचे थर शिवून केलेली. घरच्या बाईच्या सुईदोऱ्याला त्यांनी मंदिरशिल्पाच्या पंक्तीत बसवलं. १९८१ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, शिवावरचं भव्य प्रदर्शन आणि 'द प्रेझेन्स ऑफ शिव' हा ग्रंथ. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. १९९३ साली त्या गेल्या.

त्यांच्या लेखनावर आक्षेपही आहेत. मूर्तीमागचं तत्त्व सांगताना राजा कोण, पैसा कोणाचा, पाथरवट कुठला, हे प्रश्न मागे पडतात. हा आक्षेप मला पटतो. शिवाय आपल्याकडच्या इतक्या वस्तू दूर फिलाडेल्फियात असाव्यात, याचीही खंत वाटते. तरीही आपल्या अंगणातलं शिल्प मला नीट दिसलं ते सातासमुद्रापलीकडून आलेल्या या बाईंमुळे, हे कबूल करायला हवं.

आणि त्यांच्यापर्यंत मी पोचले ती आपल्या बाईंमुळे. त्या दिवशी वर्गासमोर "मलाही ठाऊक नाही" म्हणण्याऐवजी त्यांनी मला गप्प बसवलं असतं, तर माझ्या वहीत आजही ब्रह्मा, विष्णू, महेशच राहिले असते. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी जमेल त्यांनी लाँचने घारापुरीला जाऊ या. बाई, तुम्हीही चला. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण हात धरायला आम्ही आहोत.