साखरेची वही पुरत नाही

मी भिवंडीतल्या बचत गटांची सहयोगिनी. बैठकीत हप्ते गोळा झाले की गप्पा निघतात त्या दुखण्याखुपण्याच्या. आमच्या गटातल्या एक ताई मधुमेहाची गोळी कधी चुकवायच्या नाहीत. साखरेचा प्रत्येक आकडा वहीत लिहायच्या आणि आम्हाला कौतुकाने दाखवायच्या. एका पहाटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात रक्तदाब मोजला तर तो खूपच वाढलेला. त्यांच्या वहीत रक्तदाबाचा एकही आकडा नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगते, मीसुद्धा नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. तेव्हा कळलं की ही गोष्ट उमगायला डॉक्टरांनाही पंच्याहत्तर वर्षं लागली. तीच आज सांगते.

जानेवारी १९२२. कॅनडातल्या टोरांटो शहरात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवूनच थोडे दिवस जगवत. इन्सुलिन आलं आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. मग दुसरं संकट दिसलं. साखरेने लगेच न दगावणारी माणसं पुढे हृदयाने आणि मेंदूच्या झटक्याने जाऊ लागली. कारण मधुमेह रक्तवाहिन्या आतून खराब करतो. त्यात रक्तदाब, चरबी आणि तंबाखूची भर पडली की त्या लवकर अरुंद होतात.

रक्तदाबावर तर त्या काळी धड औषधच नव्हतं. इथे आपल्या मुंबईचं नाव येतं. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचं औषध रक्तदाबाच्या रुग्णांना दिलं आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. आपल्या वैद्यांना ठाऊक असलेली ही वनस्पती त्यानंतर जगभरचे डॉक्टर वापरू लागले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे तिच्याहून चांगली औषधं आली, तेव्हा मुळी उगाळून घरीच प्रयोग करू नका.

औषध आलं, तरी मधुमेहींमध्ये रक्तदाबाला किती महत्त्व द्यायचं, हे ठरायला १९९८ उजाडलं. ब्रिटनमध्ये १९७७ पासून पाच हजारांवर मधुमेहींचा अभ्यास चालला होता. साखर नीट ठेवल्यावर डोळ्यांचं आणि किडनीचं नुकसान कमी झालं. हृदयाच्या झटक्यांत मात्र तेवढ्या वर्षांत खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब काटेकोर सांभाळला, त्यांच्यात मेंदूचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले.

२००३ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी पुढचं पाऊल दाखवलं. जास्त धोक्याचे १६० मधुमेही घेतले. त्यातल्या निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खाणं, चालणं, तंबाखू असं सगळं एकदमच सांभाळलं. जवळपास आठ वर्षांनी त्यांच्यात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार निम्म्याहून कमी निघाले.

आता कुणी म्हणेल, "मी तर काडीसारखी, मला काय होतंय?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचं आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचं उदाहरण छापलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण मित्राच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के! आपल्याकडची बारीक दिसणारी माणसंही आतून अशी असू शकतात.

मग आपण काय करायचं? पहिलं, मिश्री सोडायची. दात घासायची म्हणून ती औषध होत नाही, ती तंबाखूच आहे. दुसरं मीठ. आपल्या गटाचे पापड-लोणची विकून आपलं घर चालतं, ते मी बंद करा म्हणत नाही. पण माणशी दिवसाला एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, आणि त्यातच पापड, लोणचं, सुका बोंबील सगळं धरायचं. तिसरं, बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करायची नाही. कोलेस्टेरॉलची गोळी हवी का, तेही डॉक्टरांना विचारायचं.

आणखी एक. मधुमेह असलेल्या बाईला हृदयाचा झटका येताना छाती दुखेलच असं नाही. अचानक दम लागला, दरदरून घाम आला, कधी नाही असा थकवा आला, तर "ॲसिडिटी असेल" म्हणून पडून राहू नका. १०८ ला फोन करा.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब तपासतात. आमच्या गटात आता हप्त्याच्या वहीबरोबर प्रत्येकीची तब्येतीची वही येते. तिच्यात चार रकाने आहेत: साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मिश्री. त्या ताई आता काठी धरून बैठकीला येतात आणि रक्तदाबाचा रकाना रिकामा दिसला की सगळ्यांत आधी त्याच विचारतात. तुमच्या गटातही अशी वही सुरू करा.