तीन शिट्ट्यांचा इतिहास

एखाद्याचा बेत फसला की आपण म्हणतो, त्याची डाळ शिजली नाही. हा वाक्प्रचार ज्याने कोणी रूढ केला, त्याच्या घरची तुरीची डाळ खरोखरीच शिजत नसली पाहिजे. डाळ ही मोठी हट्टी वस्तू आहे. पाणी जड असले, म्हणजे त्यात चुन्याचा अंश अधिक असला, की ती तासन् तास उकळूनही मऊ होत नाही. आपल्याकडच्या काळ्या रानातील बऱ्याच विहिरींचे पाणी असेच. म्हणून डाळीपुरती एक घागर लांबच्या गोड्या विहिरीवरून आणणाऱ्या बायका गावोगाव होत्या. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना नव्हे, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. (शाळेत मात्र आम्ही मुलांकडून १०० हाच आकडा घोकून घेतो, आणि तो बरोबर धरून गुणही देतो.) पाणी एकदा उकळू लागले की खाली कितीही लाकडे सारा, त्याची उष्णता पुढे वाढत नाही. जादा जाळ नुसता वाफ होऊन कौलांतून निघून जातो.

तेव्हा डाळ शिजवायची म्हणजे चुलीपुढे बसायचे, हे ठरलेले. मुख्य तोंडावर भाकरीचा तवा, बाजूच्या वैलावर डाळीचे पातेले, आणि मधून मधून फुंकणी. इतिहासाच्या आमच्या क्रमिक पुस्तकांत लढाया, तह आणि राज्यांच्या सीमा भरपूर आहेत. या फुंकणीपाशी खर्ची पडलेल्या तासांना त्यांत एक ओळही नाही. मला या लेखात त्या तासांविषयी लिहायचे आहे, आणि ते ज्या भांड्याने कमी केले त्या प्रेशर कुकरविषयी.

या भांड्याचा मूळ पुरुष देनी पापँ. जन्म १६४७, फ्रान्समधील ब्लुआ येथे. हा प्रॉटेस्टंट पंथाचा. आपल्या देशात राहणे कठीण झालेल्या पंथातला. पॅरिसला हॉयगेन्स आणि लंडनला बॉइल अशा दोन थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्याने काम केले आणि १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड लोखंडी भांडे मांडले. झाकण स्क्रूने आवळून वाफ आत कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी अधिक उष्णतेला उकळते, आणि मग हाडेसुद्धा मऊ पडतात, हे त्याने दाखवून दिले. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यात शिजवलेले जेवण वाढले. त्या पंक्तीला असलेल्या जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत या जेवणाची हकीकत टिपून ठेवली आहे. गोमांस-मटणाची हाडे चीजसारखी मऊ झाल्याचे त्याला मोठे नवल वाटले.

कोंडलेली वाफ भांडे फोडते हेही पापँला ठाऊक होते. म्हणून त्याने झाकणाला एक भोक ठेवले आणि त्यावर वजन लावलेली दांडी बसवली. दाब हद्दीबाहेर गेला की वजन उचलले जाई आणि वाफ निघून जाई. आपल्या कुकरवरची शिट्टी ती हीच. पुढे १६९० मध्ये याच गृहस्थाने वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली, आणि तिच्यातून इतरांच्या हातून पुढे वाफेचे इंजिन घडत गेले. म्हणजे आगगाडीचे जुने इंजिन आणि स्वयंपाकघरातला कुकर एकाच घराण्यातले. बेळगावकरांनी दोघांच्याही शिट्ट्या ऐकल्या. निपाणीला मात्र रेल्वे आलीच नाही. तेथे पापँची शिट्टी वाजली ती थेट स्वयंपाकघरात. स्वतः पापँ लंडनमध्ये दारिद्र्यात, जवळजवळ विस्मृतीत गेला. भांडे लोकांच्या घरी पोचायला त्यानंतर अडीचशे वर्षे लागली.

आपल्या देशात वाफेवर शिजवण्याचा पहिला गाजलेला घरगुती प्रयत्न बंगाली डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांचा, १९१० चा इकमिक कुकर. उंच नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी कोळशाची लहानशी शेगडी. भात, वरण, भाजी एकदम मांडून कामाला निघून जावे, परत आल्यावर गरम जेवण तयार. मात्र त्यात दाब नव्हता, होती ती सावकाश वाफ. वेळ वाचत नसे. वाचत असे ते लक्ष. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे निपाणीकडे वळल्यावर तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

खरा प्रेशर कुकर भारतात घडू लागला तो १९५९ मध्ये, आणि तोही दोन ठिकाणी एकाच वर्षी. मुंबईला एच. डी. वासुदेव यांनी इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स यांच्या तांत्रिक सहकार्याने ‘हॉकिन्स’ काढला. दक्षिणेत टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या घराण्याने इंग्लंडच्याच प्रेस्टीज कंपनीशी करार करून बेंगळूरला ‘प्रेस्टीज’ काढला. राज्य पुनर्रचनेला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. मुंबई आणि बेंगळूर या दोन नावांमध्ये आपला मुलूख कसा ओढला जात होता, ते येथे सांगायला नको. पण बेळगावच्या भांड्यांच्या दुकानांत दोन्हीकडचे कुकर एकाच फळीवर बसले. घरात कोणता यावा हे भाषेवर कधी ठरले नाही. ते दुकानदाराची उधारी आणि विहिणीने आधी काय घेतले आहे यांवर ठरले.

दोघांची घडण मात्र वेगळी. मुंबईवाल्याचे झाकण भांड्याच्या लंबगोल तोंडातून तिरके करून आत घालायचे. आतला दाबच ते वर काठाला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे वाफ असेपर्यंत ते निघतच नाही. बेंगळूरवाल्याचे झाकण वरून फिरवून बसवायचे आणि नळीवर वजन ठेवायचे. दोन्हींत तत्त्व एकच. हवेच्या दाबावर आणखी सुमारे एक किलो दर चौरस सेंटिमीटर एवढा दाब चढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. उघड्या पातेल्यात तासभर घेणारी डाळ मग पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते.

कुकर बेळगावच्या पगारदार घरांत लवकर रुळला आणि निपाणी भागात उशिरा. याचे कारण केवळ पैसा, असे सांगतात. मला ते अपुरे वाटते. कुकर हे भात-वरणाचे भांडे आहे. बेळगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर हा भाताचा टापू. निपाणीकडे ताटात जोंधळ्याची भाकरी, आणि भाकरी काही कुकरमध्ये होत नाही. तवा चढवायचाच, चूल पेटवायचीच, तर त्याच जाळावर वैलात डाळ फुकट शिजते. मग वेगळे भांडे हवे कशाला? हा हिशेब अगदी चोख होता. तो बिघडला तेव्हा लाकूडफाटा महागला होता, रॉकेलचा स्टो आला होता आणि भात सणावारापुरता न राहता रोजचा झाला होता. स्टोला वैल नसतो. एका वेळी एकच भांडे, आणि रॉकेल रेशनकार्डावर मोजून मिळणार. अशा वेळी एकाच जाळावर खाली डाळ आणि वर भात शिजवणारे भांडे ही चैन राहत नाही.

निपाणीची आणखी एक गोष्ट आहे. हे तंबाखूचे आणि विडीचे गाव. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई हजारी मजुरीवर काम करते. जेवढ्या विड्या तेवढे पैसे. तिचे बोट थांबले की मिळकत थांबली. चुलीवरच्या डाळीकडे दर दहा मिनिटांनी उठून जायचे, जाळ सारायचा, उतू जाते का पाहायचे, तंबाखूचे हात धुवायचे आणि परत येऊन सूप घ्यायचे, यात तिच्या किती विड्या बुडत असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानले, ही मोठीच गोष्ट झाली. पण चुलीपाशी गेलेला तिचा वेळ कोणत्याच कायद्याने मोजला नाही. कुकरने वेळ वाचवला, त्याहून अधिक लक्ष वाचवले. उठून पाहायला नको. झाले की ते भांडेच सांगते.

सांगते, हे मी जाणून लिहिले. मराठीत कुकरची शिट्टी ‘होते’. कन्नडमध्ये कुकर ‘कूगतो’, म्हणजे हाक मारतो. आपल्याकडच्या घराघरांत दोन्ही प्रयोग सरमिसळ चालतात, आणि मला कन्नड प्रयोग अधिक समर्पक वाटतो. स्वयंपाकघरात ही देवघेव जुनीच आहे. आपले तूप म्हणजे त्यांचे तुप्प. पुरणाची डाळ शिजवून वर निथळलेल्या पाण्याला आपण कट म्हणतो, ते कट्टु म्हणतात; आपली कटाची आमटी, त्यांचे कट्टिन सारु. होळीला या दोन शेजारणींच्या वाट्या कुंपणावरून इकडून तिकडे जातात तेव्हा कोणाची आमटी कोणती हे सांगणे अवघड.

जुन्या बायकांचा विरोध होता, आणि तो सगळाच भीतीपोटी नव्हता. आमच्या घरी १९८० च्या सुमारास कुकर आला तरी आजी नैवेद्याचा भात पातेल्यातच शिजवी. बेळगावचा बासमती आधणात पडला की वास आळीभर जातो; कुकरात तोच तांदूळ मुका होतो, हे तिचे म्हणणे. ते खरेच होते. पुरणाची डाळ कुकरात गाळ होते आणि कटाला रंग येत नाही, हेही खरे. भीतीचे कारणही खोटे नव्हते. डाळीचे टरफल वाफेच्या नळीत अडकले, तोंडापर्यंत डाळ भरली किंवा शिट्टीवर हौसेने बत्ता ठेवला, तर पापँच्या वेळी जे होई तेच होणार. म्हणून डाळ निम्म्याच्या वर भरू नये, नळीतून फुंकून पाहावे, वाफ आपसूक बसू द्यावी. चिंच-आमसूल मागाहून घालावे, कारण आंबटाने डाळ ताठरते. झाकणावरचा वितळणारा बोळा म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह हा त्यावरचा शेवटचा पहारेकरी. तो उडाला की त्या जागी भलतेसलते काही ठोकून बसवणारे महाभाग आजही आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आणि २०२१ पासून ते अमलात आले, हे बरे झाले.

आणखी एक योगायोग. कुकर बहुधा अॅल्युमिनियमचा. तो धातू ज्या बॉक्साइटपासून निघतो ते कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड आणि दुर्गमानवाडच्या डोंगरांत आहे, आणि त्यापासून अॅल्युमिना काढणारा कारखाना बेळगावला. महाराष्ट्रातला डोंगर कर्नाटकात येऊन शुद्ध होतो. आमच्या शाळेतल्या मुलांना हे नकाशावर दाखवले की त्यांना मोठी मौज वाटते.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर तेथेही कुकर आहे. कर्नाटक सरकारची अक्षर दासोह योजना सुरू झाली आणि मधल्या सुट्टीतला ‘बिसियूट’ मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या मुलांना मिळू लागला. शाळेच्या मोठ्या कुकरची शिट्टी वर्गात ऐकू येते, आणि तेवढ्यापुरते कोणाचेच फळ्याकडे लक्ष राहत नाही. किती शिट्ट्या झाल्या हे मुले मोजतात. खरे तर पहिल्या शिट्टीनंतर जाळ बारीक करून मिनिटे मोजावीत, असे कुकरसोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. पण आपल्याकडे कोणत्याच भाषेत मिनिटे मोजलेली मी पाहिली नाहीत. डाळीला तीन, हरभऱ्याला पाच, आणि मटणाला ज्याच्या त्याच्या सासूबाई सांगतील तितक्या.

आठवड्याच्या बाजारात कुकरच्या रबरी रिंगा, मुठी आणि शिट्ट्या दोरीला टांगून बसणारा माणूस असतो. झिजलेली रिंग त्याच्यापुढे धरली की तो आधी मराठीत, मग कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारतो, झाकण आतले की बाहेरचे?