गोव्याचे बुद्धिबळ : विश्वचषक आला, आता पुढची चाल

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर २०२५ या काळात उत्तर गोव्यातील हडफडे येथे फिडे विश्वचषक स्पर्धा झाली. २०६ खेळाडू, बाद पद्धत आणि पहिल्या तिघांना २०२६ च्या ‘कँडिडेट्स’ म्हणजेच आव्हानवीरांच्या स्पर्धेत थेट प्रवेश, असे तिचे स्वरूप होते. उझबेकिस्तानच्या १९ वर्षीय जावोखिर सिंदारोव्हने चीनच्या वेई यी याला टायब्रेकरमध्ये नमवून विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा चषक पटकावला. याआधी २००२ ची जागतिक कनिष्ठ गटाची स्पर्धाही गोव्यातच झाली होती व ती आर्मेनियाच्या लेव्हॉन अरोनियनने जिंकली होती.

गोमंतकीय खेळाडू

इव्हाना फुर्तादो हिने २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षे आठ वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद मिळवले. भक्ती कुलकर्णी २०१२ मध्ये महिला ग्रँडमास्टर झाल्या. २०१६ मध्ये त्यांनी आशियाई महिला विजेतेपद, तर २०१८ व २०१९ मध्ये राष्ट्रीय महिला विजेतेपद पटकावले. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात त्या होत्या. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अनुराग म्हामल २०१७ मध्ये गोव्याचे पहिले ग्रँडमास्टर ठरले. लिऑन मेंडोन्सा याने २०२० च्या अखेरीस हा किताब निश्चित केला आणि २०२४ मध्ये नेदरलँड्समधील टाटा स्टील स्पर्धेचा चॅलेंजर्स गट जिंकला.

किताबाची वाट

ग्रँडमास्टर होण्यासाठी २५०० एलो गुण आणि साधारणतः तीन ‘नॉर्म’ लागतात. प्रत्येक नॉर्मसाठी सहसा नऊ फेऱ्यांत २६०० गुणांच्या दर्जाची कामगिरी करावी लागते. प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडूही असावे लागतात. खरी अडचण इथेच आहे. असे प्रतिस्पर्धी घराजवळ मिळाले नाहीत, तर खेळाडूला त्यांच्या शोधात परदेशी जावे लागते व प्रवासाचा सारा भार कुटुंबावर पडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वडिलांसह हंगेरीत अडकलेल्या लिऑनने तिथेच खेळणे सुरू ठेवले. त्याचे तिन्ही नॉर्म युरोपात पूर्ण झाले, शेवटचा इटलीत.

ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियममध्ये २०१८ आणि २०१९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर खुल्या स्पर्धांचे महत्त्व म्हणूनच मोठे होते. परदेशी ग्रँडमास्टर गोव्यात आले आणि स्थानिक मुलांना घरी राहून त्यांच्यासमोर बसता आले.

पुढे काय?

नव्या खेळाडूची सुरुवात तालुका व राज्य पातळीवर होते. वयोगटांच्या राज्य निवड स्पर्धांतून राष्ट्रीय स्पर्धांचे संघ ठरतात. पहिल्या फिडे मानांकनासाठी मानांकित प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध किमान पाच डाव आणि १४०० किंवा त्याहून अधिक गुणांची कामगिरी आवश्यक असते. त्यामुळे प्रवेशिका भरण्यापूर्वी स्पर्धा फिडे मानांकित आहे का आणि ती शास्त्रीय, जलद की अतिजलद प्रकारची आहे, हे पालकांनी पाहून घ्यावे. या तिन्ही प्रकारांचे मानांकन स्वतंत्र असते आणि किताबाचे नॉर्म शास्त्रीय प्रकारातच मिळतात.

२०२६ चे ऑलिंपियाड विश्वचषक विजेत्या सिंदारोव्हच्या उझबेकिस्तानात आहे. गोव्याने मात्र त्याआधी आपल्या दिनदर्शिकेकडे पाहायला हवे. विश्वचषक एकदा येतो आणि जातो. दरवर्षी नियमाने होणारी नऊ फेऱ्यांची एक खुली स्पर्धा पुढचा ग्रँडमास्टर घडवण्यास अधिक उपयोगी पडेल.