धूमकेतूमागचे तारे

धूमकेतूचा इतिहास आपण बहुधा भयाचा इतिहास म्हणून वाचतो. १८८२ सालच्या महाधूमकेतूची हकिकत मात्र आम्हांला निराळ्या कारणासाठी मोलाची वाटते.

१७ सप्टेंबरला तो सूर्याच्या इतका निकट होता की भर दिवसा दिसला. दक्षिण आफ्रिकेतील केपच्या वेधशाळेतून फिनले आणि एल्किन यांनी तो सूर्यबिंबाच्या कडेशी दिसेनासा होईपर्यंत पाहिला. पुढे तो पहाटेच्या आकाशात आला. वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांना छायाचित्रणाचा सराव नव्हता. त्यांनी मोब्रे येथील ॲलिस या छायाचित्रकाराचे साहाय्य घेतले. दुर्बिणीला कॅमेरा जोडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा छायाचित्रे घेतली गेली. एकेका काचेला अर्ध्या तासापासून दोन तासांहून अधिक काळ प्रकाश द्यावा लागे, आणि तोवर दुर्बीण आकाशाच्या गतीबरोबर फिरती ठेवावी लागे.

काचांवर धूमकेतू उमटलाच. पण त्याच्या भोवती, शेपटीच्याही आरपार, असंख्य तारे उमटले. डोळ्यांना धूमकेतू हवा होता. काचेला आवडनिवड नव्हती. ताऱ्यांची सूची अशीही करता येईल, हे गिल यांनी ओळखले. त्यांनी दक्षिण आकाशाची छायाचित्रे घेतली, ग्रोनिंगेनच्या कापटाइन यांनी ती वर्षानुवर्षे मोजली, आणि १८९६ ते १९०० या काळात साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली.

बखर वा जुना पत्रव्यवहार वाचताना आपलीही नजर नायकावरच खिळते. लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना त्यात जे उतरले, ते वाचण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावतो का, हा प्रश्न या सहा काचा आम्हांला विचारतात.